बहुवर्षायू फुलझाडांचे बी : राखण आणि वाटप

(शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



मृगाचा पाऊस पडला आणि शाळा उघडल्या, की नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांच्या अंगणांत वृक्षारोपण होते. रोपवाटिकेतून काळ्या पिशव्यांतील रोपे येतात, खड्डे खणले जातात, विद्यार्थी हौसेने पाणी घालतात. दिवाळीपर्यंत सारे हिरवे असते. पुढे चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले, शाळेला सुटी लागली आणि हातपंपाचे पाणी खोल गेले, की त्यांतील पुष्कळ रोपे वाळून जातात. पुढील जून महिन्यात त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावण्याची पाळी येते. त्याच गावात, शाळेपासून हाकेच्या अंतरावर, एखाद्या जुन्या घराच्या कुडावर गोकर्णीचा वेल मात्र वर्षानुवर्षे फुलत असतो. तो कोणी विकत आणलेला नसतो. त्या घरी सून म्हणून आलेल्या कोणा मुलीने माहेराहून पदराच्या गाठीला बांधून आणलेल्या चार बियांचा तो विस्तार असतो.

रोप विकत मिळो वा फुकट मिळो, ते मेले की तेथेच विषय संपतो. बी हाती असले म्हणजे झाड गेले तरी पुन्हा उभे करता येते; आणि तेच बी शेजारी दिलेले असले म्हणजे घरातले बी नासले तरी पुन्हा मागून आणता येते. वाटलेले बी हेच खरोखर राखलेले बी होय. ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या घरच्या मंडळींच्या मनांत प्रत्यक्ष कृतीने ठसविणे प्राथमिक शिक्षकास सहज शक्य आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही. म्हणून या विषयाचा थोड्या विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

बहुवर्षायू म्हणजे काय

आयुष्याच्या मानाने वनस्पतींचे तीन वर्ग पडतात. झेंडू व तेरडा एकाच हंगामात उगवतात, फुलतात, बी धरतात आणि मरतात, त्या वर्षायू. कांदा व गाजर यांना बहुधा दुसऱ्या वर्षी फुले व बी येते, त्या द्विवर्षायू. जी झाडे अनेक वर्षे जगून पुन्हापुन्हा फुलतात ती बहुवर्षायू. गोकर्ण, गुलबक्षी, सदाफुली, अबोली, कोरांटी, कर्दळ आणि पारिजातक ही अंगणातील नेहमीची झाडे याच वर्गातील आहेत. गुलबक्षीचा वरचा भाग कित्येकदा वाळून नाहीसा होतो, पण जमिनीतील गड्डा जिवंत राहतो आणि पाऊस पडताच त्यातून पुन्हा कोंब निघतात.

मराठवाड्याचा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने झाडाने मुळांच्या बळावर काढावयाचे असतात. बियांपासून उगवलेल्या झाडास सोटमूळ असते व ते काळ्या जमिनीत खोलवर जाते. फांदीपासून वाढविलेल्या रोपास असे सोटमूळ नसते. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे मूळ तळाशी वेटोळे घालून बसते, आणि जमिनीत लावल्यावरही त्याला खाली जाण्याची वाट लवकर सापडत नाही. ज्या शाळेत उन्हाळ्यात पाणी घालण्यास कोणी नसते, तेथे जागच्या जागी बी टोकून वाढविलेले झाड तगण्याचा संभव अधिक, हे यावरून ध्यानात येईल.

सर्वच फुलझाडे बियांपासून वाढत नाहीत, हेही विद्यार्थ्यांस सांगितले पाहिजे. मोगरा व जास्वंद फांदीपासून लावतात. शेवंती मुनव्यांपासून लावतात. अबोलीच्या काही जातींना बी धरतच नाही. अशा झाडाखाली बी शोधीत बसण्यापेक्षा त्याची फांदी शेजारी देणे योग्य.

निवडक पाच झाडे

नव्याने आरंभ करणाऱ्या शाळेने फार झाडांच्या मागे लागू नये. पाच झाडे पुरेशी आहेत, आणि पाचांपासूनही विद्यार्थ्यांस निरनिराळे धडे मिळतात.

पहिले गोकर्ण. हा वेल शेंगवर्गीय असल्यामुळे त्याच्या मुळांवर गाठी असतात व त्या गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र जमिनीत साठवितात. शेंगा चपट्या असतात. शेंग तपकिरी व कागदासारखी कोरडी झाली म्हणजे तोडावी; उशीर केल्यास ती पिळवटून फुटते व बी दूर उडते. बियांचे कवच कठीण असते. पेरण्यापूर्वी ते काचकागदावर हलकेच घासावे व रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे, म्हणजे उगवण लवकर व सारखी होते. निळ्या गोकर्णीच्या पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करून गाळून घेतल्या, त्या निळ्या पाण्याच्या एका भागात लिंबू पिळले व दुसऱ्यात खाण्याचा सोडा टाकला, तर पहिला भाग जांभळट-गुलाबी व दुसरा हिरवट होतो. आम्ल व अल्क यांचा हा प्रयोग करण्यास एक पैसाही लागत नाही.

दुसरे गुलबक्षी. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील. आज उर्दूत त्याला गुलअब्बास म्हणतात, मराठीत गुलबास व गुलबक्षी म्हणतात, आणि दिवेलागणीच्या सुमारास फुलणारे ते झाड परक्या मुलुखातून आले आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. प्रत्येक फुलामागे मिऱ्याएवढे एकच काळे बी धरते. ते काळे होऊन बोट लावताच गळू लागले म्हणजे गोळा करावे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी याच झाडावर आनुवंशिकतेचे प्रयोग केले. तांबड्या व पांढऱ्या फुलांच्या शुद्ध झाडांचा संकर केला असता पहिल्या पिढीची सर्व झाडे गुलाबी फुलांची निघतात. त्या गुलाबी झाडांच्या बियांपासून पुढील पिढीत एक हिस्सा तांबडी, दोन हिस्से गुलाबी व एक हिस्सा पांढरी, असे प्रमाण पडते. "आजीने पिवळी म्हणून दिली, पण आमच्याकडे ठिपक्यांची निघाली," अशी तक्रार एखाद्या मुलीने केली, तर तिला या प्रयोगाची हकीकत सांगावी. बी आईचा रंग जसाच्या तसा आणतेच असे नाही. रंग शुद्ध ठेवावयाचा असल्यास सायंकाळी कळी उमलण्यापूर्वी तिच्यावर पातळ मलमलीची पिशवी बांधावी. फूल मिटताना त्याचे पराग त्याच्याच कुक्षीस लागतात व बी शुद्ध धरते.

तिसरे सदाफुली. ही मूळची मादागास्कर बेटावरील. गुरे तिला तोंड लावीत नाहीत व ती थोड्या पाण्यावर जगते, म्हणून कुंपण नसलेल्या शाळेस ती फार सोयीची. फुलामागे दोन-दोन बारीक शेंगा येतात. त्या पिवळसर झाल्या की काढून कागदावर ठेवाव्या. उकलल्यावर आतून काळे बारीक बी निघते. पेरताना बी मातीने झाकावे, उघड्यावर प्रकाशात ते नीट उगवत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडा व अमेरिका येथील संशोधकांनी या झाडातून कर्करोगावरील औषधे वेगळी केली, आणि त्यांतील एक मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरतात. परंतु झाड स्वतः विषारी आहे. त्याची पाने चावून खाण्याने औषध होत नाही, अपाय होतो, हे त्याच वेळी सांगितले पाहिजे.

चौथी अबोली. तिच्या कणसातील वाळलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब पडताच ते तडकन फुटते व बी उडते. विद्यार्थ्यांस याची मोठी मौज वाटते. बी हवे असल्यास कणीस पुरते वाळल्यावर कोरड्या हवेत तोडून कागदाच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे आणि मग थोडे पाणी शिंपडावे. फुटलेले बी पिशवीतच राहते. ते लगेच पसरून सावलीत वाळवावे.

पाचवा पारिजातक. त्याची चपटी बोंडे बदामाच्या आकाराची असून प्रत्येकात दोन बिया असतात. बोंडे तपकिरी झाल्यावर काढावी आणि त्यांतील बी फार जुने होऊ न देता पहिल्या पावसातच पेरावे. पारिजातकाचे झाड मोठे होण्यास काही वर्षे लागतात. पहिल्या इयत्तेत लावणाऱ्या मुलाने शाळा सोडण्यापूर्वी त्याची फुले वेचावी, असा हा दीर्घ पल्ल्याचा पाठ आहे.

बी धरणे, वाळविणे व साठविणे

बी धरावयाचे झाड आधीच हेरून त्याला दोरा बांधून ठेवावा. फुलांची तोड चालू असताना त्या झाडाची फुले तोडू नयेत. बहुधा घरोघरी याच्या उलट होते. उत्तम फुले महालक्ष्म्यांना व दसऱ्याला वाहिली जातात आणि शेवटी उरलेल्या किरकोळ फुलांचे बी धरले जाते. निरोगी, जोमदार व भरपूर फुलणाऱ्या झाडाचे बी हवे असेल तर त्याच झाडावरील फुलांचा मोह थोडा आवरला पाहिजे. बी एकाच झाडावरून न घेता चार-पाच झाडांवरून घ्यावे, म्हणजे सर्व बी एकाच दोषाचे निघत नाही.

बी सकाळचे दव उडून गेल्यावर, कोरड्या दिवशी काढावे. कडक उन्हात न वाळविता सावलीत, हवेशीर जागी, कागदावर वा सुपात पसरावे. आठवडाभराने बी दाताखाली धरून पाहण्याची जुनी रीत आहे. शाळेत ती मुळीच चालू देऊ नये. बी दगडावर ठेवून वाटीने दाबावे. कच्चे बी चेपते, वाळलेले कडक लागते.

ओल व उष्णता हे बियांचे दोन वैरी. हॅरिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सांगितलेला नियम शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सर्वसाधारणपणे बियांतील ओलावा शेकडा १ ने उतरला की त्यांचे आयुष्य दुप्पट होते, आणि साठवणीच्या जागेचे तपमान ५ अंश सेल्सिअसने उतरले की ते पुन्हा दुप्पट होते. चीनमधील एका कोरड्या पडलेल्या जुन्या सरोवराच्या तळातून मिळालेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे कमळाचे बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखविले, ते त्याच्या कठीण कवचामुळे. अंगणातील सर्वच बियांकडून एवढी अपेक्षा नको. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत ते टिकले तरी आपले काम झाले.

जुन्या गृहिणींना हा नियम आकड्यांत ठाऊक नव्हता, पण त्यांची रीत त्याला धरून होती. चाळलेली कोरडी राख गाडग्यात घालून त्यात बी ठेवावयाचे, तोंडाला फडके बांधावयाचे आणि गाडगे माळवदाच्या घरातील जाड भिंतीच्या कोनाड्यात किंवा उतरंडीच्या तळाशी ठेवावयाचे. राख ओल शोषते व किडीस अटकाव करते. जाड भिंत ऊन आत येऊ देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जड दगड-मातीच्या भिंती व माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली, आणि पुढे लोकांनी माळवदाची धास्ती घेऊन हलक्या छपरांची घरे पसंत केली. तसे होणे योग्यच होते. मात्र पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात बियांचे गाडगे उंच फळीवर ठेवले तर बी भाजून निघते. अशा घरात गाडगे जमिनीलगत, आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात, ओल्या वाळूच्या परातीत ठेवावे; आतील बी मात्र घट्ट झाकणाच्या बाटलीत असावे. ज्या घरी शीतकपाट आहे तेथे ती बाटली त्यात ठेवली तर उत्तमच.

उगवणशक्तीची परीक्षा

न उगवणारे बी वाटणे म्हणजे घेणाऱ्याचा पावसाळा फुकट घालविणे होय. म्हणून वाटपापूर्वी परीक्षा झालीच पाहिजे. मोजून २० बिया ओल्या फडक्यावर रांगेने मांडाव्या, फडके गुंडाळून सावलीत ठेवावे व रोज पाणी शिंपडावे. ठरलेल्या दिवसांनी मोड आलेल्या बिया मोजाव्या. २० पैकी १४ उगवल्या तर उगवण शेकडा ७०. चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्यांस शेकडेवारीचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. उगवण निम्म्याहून कमी असेल तर पुडीत बियांची संख्या दुप्पट घालावी व तसे पुडीवर लिहावे. अगदीच थोडी असेल तर ते बी वाटू नये.

पुडीवर काय लिहावे

नाव नसलेली पुडी दोन महिन्यांत कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. प्रत्येक पुडीवर पाच गोष्टी लिहाव्या : झाडाचे नाव, फुलाचा रंग, गाव, बी काढल्याचा महिना व वर्ष, आणि पेरण्याची रीत. या पाच ओळी स्वच्छ अक्षरांत लिहिणे हाच शुद्धलेखनाचा पाठ समजावा. शाळेत एक बीज-नोंदवही ठेवावी व तीत कोणी, केव्हा, कोणते बी दिले आणि कोणी नेले, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी.

नावाविषयी थोडी सावधगिरी हवी. देगलूर व बिलोली तालुक्यांत तेलुगू कानावर पडते. उदगीर व निलंगा भागांत कन्नड व उर्दू. वाडी-तांड्यांवर बंजारा बोली. एकाच झाडाला चार घरांत चार नावे असू शकतात. त्यांतील एकच बरोबर व बाकीची चूक, असे शिक्षकांनी ठरवू नये. मुलाच्या घरचे नाव पुडीवर प्रथम लिहावे, शेजारी प्रमाण मराठी नाव लिहावे. ज्या मुलाची घरची भाषा शाळेत कधी फळ्यावर येत नाही, त्याच्या आईने सांगितलेला एक शब्द अशा रीतीने शाळेच्या दप्तरी दाखल होतो. त्याचे मोल मुलाच्या चेहऱ्यावर दिसते.

वाटप का व कसे

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी लातूरला आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. माणसांच्या घशाला पाणी रेल्वेने येत असता अंगणातील कुंडीला कोण पाणी घालणार? अशा वर्षी एका घरातील झाड जाते आणि पाऊस न झाल्याने बीही धरत नाही. परंतु एका गावी दुष्काळ असला तरी दुसऱ्या गावच्या विहिरीस पाणी असू शकते. मांजरा आटली तरी गोदावरीच्या काठी थोडी ओल असू शकते. ज्याचे बी दहा गावांत गेलेले आहे त्याचे दहाही ठिकाणी एकाच वेळी नष्ट होणे अवघड.

हे तत्त्व जगानेही मानले आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड द्वीपसमूहावर, गोठलेल्या डोंगराच्या पोटात, २००८ साली एक जागतिक बीजभांडार उघडण्यात आले. निरनिराळ्या देशांच्या बीजसंग्रहांतील बियांचा दुसरा वाटा तेथे ठेवतात. सीरियातील अलेप्पो शहराजवळ कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था होती. यादवी युद्धामुळे तिला आपल्या संग्रहाचा उपयोग करता येईना, तेव्हा २०१५ साली तिने स्वालबार्डमधील आपला वाटा परत मागून घेतला, तो लेबनॉन व मोरोक्को येथे पेरून वाढविला, आणि २०१७ साली नवे बी पुन्हा भांडारात ठेवले. आधी दुसऱ्याच्या हवाली केले होते, म्हणूनच ते वाचले.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना शाळेचे शिक्षण मिळालेले नाही. त्यांनी देशी भाज्या व धान्ये यांच्या बियांचा संग्रह आपल्या घरी केला, बायफ या संस्थेच्या साहाय्याने तो वाढविला, आणि बी नेणाऱ्याने पुढील हंगामात दुप्पट बी परत करावे असा पायंडा पाडला. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे काम अन्नाच्या बियांचे आहे. पण दुप्पट परत करण्याचा तो नियम फुलांच्या बियांनाही तसाच लावता येतो. बारा बिया नेणाऱ्या मुलीने पुढील वर्षी चोवीस आणाव्या. झाड जगले नाही तर तसे नोंदवहीत लिहावे व पुन्हा बारा न्याव्या. त्यात कमीपणा नाही.

प्रत्येक घराने काढलेल्या बियांचे तीन वाटे करावे. पहिला घरच्या पेरणीसाठी. दुसरा वाटण्यासाठी. तिसरा एक वर्ष राखून ठेवण्यासाठी. मृग कोरडा गेला व पेरलेले सारे करपले, तर तो कामी येतो.

वाटपास मुहूर्तही आयता आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदी-कुंकू होते व वाण लुटतात. या सुमारास पावसाळ्यात फुललेल्या झाडांचे बी काढून, वाळवून तयार झालेले असते. प्लास्टिकच्या डब्याऐवजी बियांची एक पुडी वाण म्हणून दिली तर खर्चही वाचतो आणि घेणारीच्या अंगणात दात्रीचे नाव वर्षानुवर्षे फुलत राहते.

येथे शाळेने एक गोष्ट कटाक्षाने पाळली पाहिजे. हळदी-कुंकवाच्या रूढीत विधवा स्त्रीस स्थान नसते, आणि अन्य धर्मांच्या भगिनींनाही सहसा बोलावणे नसते. बियांची माहिती मात्र पुष्कळदा घरातील म्हाताऱ्या आजीलाच असते, आणि तीच बहुधा विधवा असते. कोणते बी राखेत ठेवावे, कोणते कधी पेरावे हे जिला ठाऊक, तिलाच बियांच्या वाटपाच्या दिवशी दाराआड बसविणे हा अन्याय आहे व तोटाही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्यशासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे कळविले. तेव्हा शाळेतील कार्यक्रम हळदी-कुंकू या नावाने न करता माता-पालकांचा बीज-मेळावा या नावाने करावा. मराठी, उर्दू, तांड्यावरील, सर्व घरांना निमंत्रण द्यावे, आणि पहिली पुडी गावातील सर्वांत वयोवृद्ध आजीच्या हातून दिली जावी.

बियांची अशी देवघेव कायद्यासही धरून आहे. वनस्पतींचे वाण व शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीच्या २००१ च्या केंद्रीय कायद्याने शेतकऱ्यास आपले बी राखणे, पुन्हा पेरणे, बदलणे व वाटणे यांचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेखाली विकणे तेवढे त्यास मना आहे. मात्र बाजारातील संकरित पाकिटापासून वाढलेल्या झाडाचे बी पुढील पिढीत तसेच निघत नाही. ते वाटावयाचे झाल्यास पुडीवर "संकरित झाडाचे बी" असे स्पष्ट लिहावे.

कोणते बी वाटू नये

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिच्या फळातील बी अत्यंत विषारी आहे व त्याचा घात थेट हृदयावर होतो. खेड्यांतील मुले बिट्ट्यांनी खेळतात, म्हणून हा धोका घरातलाच आहे. तांबडी-पांढरी कण्हेर, धोतरा, गुंज व कळलावी यांनाही हेच लागू. या झाडांचे बी शाळेत गोळा करू नये व वाटू नये. शाळेच्या आवारात यांपैकी एखादे झाड असेल तर मुलांस ते ओळखू यावे म्हणून त्यास पाटी लावावी. गुलबक्षी व गोकर्ण यांचे बीही पोटात गेल्यास त्रास देते. तेव्हा सर्व बियांसाठी एकच नियम असावा : बी तोंडात घालावयाचे नाही, आणि बी हाताळल्यावर साबणाने हात धुवावयाचे. एखाद्या मुलाने बिट्टी चघळल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करीत न बसता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे व फळ सोबत न्यावे.

जे झाड माणसाच्या हातून सुटून रानोमाळ पसरते, त्याचेही बी वाटू नये. घाणेरी किंवा टणटणी शोभेचे झाड म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतात आणली गेली. पाखरांनी तिची फळे खाल्ली व बी सर्वत्र टाकले, आणि आज तिने देशभरची गवताची कुरणे व रानांच्या कडा व्यापल्या आहेत. नदीपात्रांत माजलेली जलपर्णी हीही फुलाच्या मोहानेच आणलेली. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. झाडाची पुरती माहिती नव्हती. म्हणून अनोळखी झाडाचे बी प्रथम एका कुंडीत दोन वर्षे पाहावे, मगच दुसऱ्यास द्यावे.

वर्षाचा क्रम

जून महिन्यात शाळा उघडताच राखलेल्या बियांची परीक्षा घ्यावी व पाऊस स्थिरावल्यावर जागच्या जागी टोकणी करावी. श्रावण-भाद्रपदात बी धरावयाच्या झाडांना दोरे बांधावे. दिवाळीच्या सुटीनंतर बी गोळा करणे, वाळविणे व पुड्या बांधणे ही कामे शनिवारी करावी. संक्रांतीच्या सुमारास बीज-मेळावा भरवावा. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी तिसरा वाटा व नोंदवही यांची जबाबदारी गावातच राहणाऱ्या एका पालकावर सोपवावी. शिक्षकांची बदली होते, पण गाव तेथेच असते. नव्याने येणाऱ्या शिक्षकास नोंदवही पहिल्याच दिवशी दाखवावी.

पहिल्या वर्षी पाच झाडे, वीस घरे आणि एक वही एवढेच साधले तरी पुरे. त्या वीस घरांतील मुली पुढे सासरी जातील, मुले उद्योगासाठी पुणे-हैदराबादकडे जातील. त्यांच्या सामानात एखादी पुडी असेल, आणि तीवर झाडाचे, गावाचे व वर्षाचे नाव त्यांच्याच बालपणीच्या अक्षरांत लिहिलेले असेल. हे काम प्रत्येक केंद्रातील निदान एका शाळेने या वर्षी हाती घ्यावे, एवढी विनंती करून हे भाषण येथे पुरे होते.